माईक माझ्या हातात होता

आमच्या भागात लग्नाला माईकवाला लागतो. भटजी, आचारी आणि बँड ठरवतात तसाच तोही ठरवावा लागतो. नवरदेव मारुतीच्या देवळातून निघाला इथपासून ते जेवल्याशिवाय कुणी जाऊ नये इथपर्यंत सगळं त्यानंच बोलायचं. पाहुण्यांची नावं घ्यायची, पुढारी आला की चालू वाक्य तोडून त्याचं स्वागत करायचं, मधेच वऱ्हाडाला हसवायचं आणि पाठवणीला बायकांना रडवायचं. भोरला बीए करताना मला वक्तृत्वात बक्षिसं मिळाली आणि तेव्हापासून वेल्ह्याकडच्या आमच्या खोऱ्यातली निम्मी लग्नं माझ्या आवाजात लागली. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. हे मी लाजून सांगत नाही. एसटी चुकली की अख्खा दिवस बुडायचा, अशा गावातून मी शिकलो. आता वरव्याजवळच्या एका कारखान्यात ऑफिसात आहे, आणि लग्नसराईत माईक.

ज्याच्या हातात माईक त्याचं चालतं, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. मांडवात आठशे माणसं असतात आणि मी 'बसून घ्या' म्हटलं की बसतात. घरी मात्र माझं कुणी काही ऐकत नसे, कारण घरात बोलायचं ते आबांनी.

आबा म्हणजे माझे थोरले चुलते. आजोबा लवकर गेले, त्यामुळे धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या वडिलांना, त्यांनीच वाढवलं. हे ते चार दिवसांतून एकदा तरी कुणाला ना कुणाला सांगतात. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. आबा अण्णांवर कधी ओरडले नाहीत. ओरडणारा माणूस परवडला, त्याच्यावर उलटून ओरडता तरी येतं. आबा हळू बोलतात. प्रश्न विचारतात आणि समोरच्यानं तोंड उघडायच्या आत उत्तरही देऊन टाकतात. "काय रं धाकल्या, बोकड इकायचा का ठिवायचा? ठिवू. दिवाळीनंतर बघू." अण्णांचं उघडलेलं तोंड तसंच मिटतं. पन्नाशी उलटलेल्या, डोक्यावरचे केस पांढरे झालेल्या माणसाला ते 'आमचं धाकलं' म्हणतात. शेंबड्या पोराबद्दल बोलावं तसं. "आमचं धाकलं लई गरीब हाय. त्याला चारचौघांत बोलायचं न्हाई जमत." इतकी वर्षं, इतक्या लोकांसमोर हे सांगितलं की शेवटी अण्णांना खरंच जमेना.

रानात मात्र जमतं. भाताची लावणी चालू असली की चिखलात उभे राहून अण्णा बायांची चेष्टा करतात, बैलाशी भांडतात, शेजारच्या खाचरातल्या माणसाला अशा काही शिव्या देतात की तोही हसून वाकतो. हे मी लहानपणापासून बघितलंय. आणि बांधावरून आबा येताना दिसले की तोंडातली शिवी अर्धीच राहते, तेही बघितलंय.

अण्णांकडे मोबाईल आहे. तो वाजला की कुणाचा आहे हे बघायच्या आधी ते आबांकडे बघतात. "स्पीकरवर टाक," आबा म्हणतात. अण्णा टाकतात. मग 'हॅलो' आबाच म्हणतात. फोन करणाऱ्यांनाही आता सवय झाली आहे. अण्णांच्या नंबरवर फोन लावून ते थेट 'आबा, नमस्कार' असंच म्हणतात.

मी बीए झालो तेव्हा गावानं सत्कार ठेवला होता. "पोराला शिकवलं कुणी, त्यांनी पुढं यावं," असं सरपंच म्हणाले, आणि आबा उठले. शाल त्यांच्या खांद्यावर गेली, नारळ माझ्या हातात आला. अण्णा मागं खुर्च्या लावत होते. तेव्हापासून आबा मला 'बीए' अशी हाक मारतात. "बीएला इचारा की, गाय का आटली. पुस्तकात असंल." सगळे हसतात. "काय बीए, पाण्याचा तांब्या आणता का?" मी जागचा हलत नसे. मला माझा ताठा होता. तांब्या अण्णा आणायचे.

धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं ते सारोळ्याकडच्या माणसांत. नदीकाठची माणसं, बारमाही पाणी, उसाची शेती. आम्ही डोंगराकडचे, पावसाच्या भातावरचे. त्यांच्यापुढं आमची माणसं आधीच खुर्चीच्या कडेवर बसतात. सुपारी फोडायला ते आमच्या घरी आले. मुलाचे वडील माणूस चांगले. त्यांनी सरळ अण्णांना विचारलं, "व्याहीबुवा, तुमचं काय म्हणणं? काही असंल तर आत्ताच बोला."

अण्णांनी आबांकडे बघितलं.

"त्याचं काय म्हणणं असणार?" आबा म्हणाले. "माझं म्हणणं त्येच त्याचं म्हणणं. आमचं धाकलं म्हंजी आमची सावली हाय. सावली बोलती व्हय कुठं?"

बैठक हसली. अण्णा पण हसले. माझी बहीण चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती, तिनं ते बघितलं. ट्रे तिनं ठेवला, पदर नीट केला, वाकून सगळ्यांच्या पाया पडली. सगळ्यांच्या. सगळं रीतसर.

संध्याकाळी गोठ्यात ती मला म्हणाली, "भाऊ, मला एकच पायजे. गळाभेटीला अण्णा पायजेत."

नवरदेव दारात आला की मुलीचे वडील आणि मुलाचे वडील एकमेकांना हार घालतात आणि छातीशी धरतात. फेटे बांधलेली दोन म्हातारी माणसं सगळ्यांदेखत मिठी मारतात. कुणी कुणाला उचलूनही घेतं, शिट्ट्या वाजतात. ही व्याह्यांची गळाभेट. आमच्याकडे मुलीच्या बापाला दिवसभरात मान मिळतो तो एवढाच. बाकी त्यानं हात जोडूनच उभं राहायचं असतं. आबांनी आपल्या मुलींच्या लग्नात ही गळाभेट केली, ते रास्तच होतं. पण माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नातही ती त्यांनीच केली. व्याह्याच्या मिठीत आबा होते, आणि मुलीचा बाप आचाऱ्यापाशी भाताचं पातेलं उतरवत होता. धाकटी तेव्हा लहान होती. तिनं ते बघून ठेवलं होतं, हे मला त्या संध्याकाळी कळलं.

"अण्णा उभे राहतील का पण?" मी विचारलं.

"तू हायेस की माईकवर," ती म्हणाली. "तू नाव घेतल्यावर कोण न्हाई म्हणंल?"

मी आधी सरळ मार्गानं गेलो. ओट्यावर आबा दाढी करून बसले होते.

"आबा, गळाभेटीचं जरा बोलायचं होतं."

"आरं, म्या तुला त्येच सांगणार हुतो," ते म्हणाले. "गळाभेटीला मी पुढं येताना जरा जोरात म्हण. डोंगरातली माणसं, कष्टाची माणसं, आसं कायतरी घाल. त्या उसवाल्यांना कळू दे आपण बी कोण हाय. तुला येतंय त्ये. जा, आईला म्हणावं च्या टाक."

विषय संपला. मी चहाचं सांगायला आत गेलो, हे मला आत गेल्यावर कळलं.

मग अण्णांना विचारलं. ते खोरं धुवत होते. बराच वेळ धुवत राहिले. "तुला कळतंय," एवढंच म्हणाले. आईला सांगितलं तर ती चुलीसमोरून न उठता म्हणाली, "कशाला उकरून काढतोस? तू माईक ठिवून गाडीवर बसून जाशील. ऱ्हायचं आमाला हाय हितं." मला राग आला. मला वाटलं, असं म्हणून म्हणूनच या घराची ही गत झाली.

कापूरहोळजवळच्या कार्यालयात लग्न होतं. हायवेच्या गाड्यांचा आवाज आत येत होता, त्यामुळे स्पीकर मोठे लावले होते. मी पिवळा फेटा बांधून व्यासपीठाच्या कोपऱ्यात उभा होतो, आणि माझ्या मागं आबा. भावकीतल्या प्रत्येक लग्नात ते तिथंच उभे राहतात. एक बोट माझ्या खांद्यावर असतं. पुढारी आला की ते बोट दाबतात, मी वाक्य तोडतो. कुणाचं नाव आधी, कुणाचं नंतर, ते कानात सांगतात. लोकांना वाटतं पोरगं काय बोलतंय! पोरगं बोलत नसतं. बोटाखाली एक बटण असतं, ते वाजतं.

अण्णा कुठं होते? मागं, वाढप्यांपाशी. फेटा होता डोक्याला, पण हातात बादली होती. स्वतःच्या मुलीच्या लग्नात माणूस जिलबीची बादली धरून उभा होता आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. त्यांनाही नाही.

बँड वाजला, नवरदेव दारात आला. आबांनी माझ्या खांद्यावरचं बोट काढलं, उपरणं नीट केलं आणि हार घेऊन पुढं झाले. समोरून व्याही हार घेऊन आले. मी माईक तोंडाशी धरला.

"आता होत आहे व्याह्यांची गळाभेट. वराचे वडील समोर उभे आहेत. आणि वधूचे वडील, वधूचे जन्मदाते वडील," मी अण्णांचं पूर्ण नाव घेतलं, "यांना विनंती आहे की त्यांनी पुढं यावं."

आबा थांबले नाहीत. त्यांना वाटलं असणार, पोरगं अजून पुढं काहीतरी जोडणार आहे. त्यांनी हार उचलला.

"थांबा," मी माईकवर म्हणालो. "आबा, थांबा. अण्णा येतायत."

हा माझा आवाज होता आणि तो आठ स्पीकरमधून बाहेर पडला. माणसं वळली. बँडवाल्यानं ढोलावर हात ठेवला. तेवढ्या एका क्षणात मला असं वाटलं की इतकी वर्षं जे शिकलो ते याच्यासाठी.

आबांनी मागं वळून माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. नवीन बैल गाडीला जुंपल्यावर पहिल्यांदा अंग झटकतो तेव्हा बघतात तसं. मग ते हसले. मोठ्यानं हसले.

"आरं खरंच की!" ते सगळ्या वऱ्हाडाला ऐकू जाईल असं म्हणाले. माईक नव्हता, पण त्यांना तो लागतच नाही. "कुठाय आमचं धाकलं? आज त्याचा दिस हाय. आना त्याला! न्हाई, ऱ्हाऊ द्या, म्याच आनतो."

आणि ते निघाले. माणसं बाजूला होत गेली. वाढप्यांपाशी जाऊन त्यांनी अण्णांच्या हातातली बादली काढून दुसऱ्याकडे दिली, अण्णांचं मनगट धरलं आणि शाळा चुकवलेल्या पोराला आणावं तसं आठशे माणसांमधून त्यांना पुढं आणलं. अण्णांच्या बोटांना पाक लागला होता. आबांनी आपल्या उपरण्यानं ती बोटं पुसली. एकेक बोट. बायका हळहळल्या, "आगं बाई, काय मन म्हनायचं थोरल्याचं!"

"ह्यो घे हार," आबा म्हणाले. अण्णांनी घेतला. "घाल." घातला. "आसा न्हाई, सरळ कर. हां. आता मार मिठी. लाजू नगंस, पोरीचा बाप हायेस तू."

अण्णांनी मिठी मारली. व्याह्यांनी त्यांना छातीशी धरलं, पण आबांचा हात अण्णांच्या पाठीवर होता, आणि मिठी सुटायच्या आधीच व्याह्यांनी दुसरा हात आबांच्या गळ्यात टाकला. मग ते दोघंच एकमेकांच्या मिठीत होते. आबांनी व्याह्यांना उचललं. शिट्ट्या वाजल्या, बँड वाजला, मोबाईल वर झाले. अण्णा बाजूला उभे राहून टाळ्या वाजवत होते.

आबा येऊन पुन्हा माझ्या मागं उभे राहिले. बोट खांद्यावर आलं.

"सांग," ते कानात म्हणाले. "थोरल्यानं आपला मान धाकल्याला दिला म्हणून सांग."

मी माईक तोंडापासून खाली घेतला.

"सांग की बीए. लोकं वाट बघत्यात."

खरंच बघत होती. पुढच्या रांगेत कुणीतरी पुटपुटलं, "बंद पडला वाटतं माईक." माईक बंद नव्हता. मी अण्णांकडे बघितलं. मला वाटलं, त्यांनी नुसती मान हलवली, नुसती नाही अशी हलवली, तरी मी हे बोट झटकून टाकीन, मग काय व्हायचं ते होऊ दे. अण्णा व्यासपीठाच्या पायरीपाशी आले. घाबरले होते. माझ्यासाठी की स्वतःसाठी, हे मला आजही सांगता येणार नाही.

"म्हण की रं," ते खालून म्हणाले. "आबा म्हनत्यात ते म्हण. का दिस घालवतोस पोरीचा?"

मी म्हटलं. आणि चांगलं म्हटलं, मला वाईट बोलता येत नाही. थोरलेपण कशाला म्हणतात ते आज या मांडवानं बघितलं, असं म्हटलं. ज्या हातांनी धाकट्याला वाढवलं त्याच हातांनी आज त्याला पुढं केलं, असं म्हटलं. डोंगरातली माणसं, कष्टाची माणसं, तेही म्हटलं. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. अण्णांनी पण उपरण्यानं डोळे टिपले. आबांनी माझ्या खांद्यावर थोपटलं आणि ते पंगतीकडे वळले.

त्या दिवसाला काही वर्षं झाली. गावात ती गोष्ट अजून सांगतात, आणि सांगतात ती आबांच्या मनाच्या मोठेपणाची म्हणून. भावाभावांत बांधावरून वाद झाला की पंच म्हणतात, "आरं, त्या थोरल्यानं भर लग्नात आपला मान सोडला, तुमी फूटभर जागा सोडंनात?" मी मांडवात 'थांबा' म्हटलं होतं, हे कुणाच्या लक्षात नाही. ज्यांच्या लक्षात आहे त्यांना वाटतं ते आधीच ठरलेलं होतं, आबांनीच मला तसं म्हणायला लावलं होतं. लोक मला म्हणतात, "काय झ्याक बसवलं हुतं तुमी दोघांनी!"

मी कॉलेजात शिकलो की बोलायला आलं म्हणजे माणूस सुटतो. आमच्या सरांना तसं वाटायचं, मलाही वाटायचं. आता मला वाटतं की मी फक्त जास्त चांगला निरोप्या झालो. ज्याचं घरात चालतं त्याला माईकची गरज नसते, माईकवाल्याची असते. त्या लग्नानंतर मी भावकीतल्या कुठल्याही लग्नात माईक धरला नाही. आबांना त्याचं काही वाटलं नाही. डीएड झालेला माझा एक चुलत पुतण्या आहे, तो आता तिथं उभा राहतो. त्याचाही आवाज चांगला आहे.

पाठवणीच्या वेळचं सांगायचं राहिलं. बहीण गाडीत बसली होती. गळाभेटीच्या वेळी नवरी आतल्या खोलीत असते, तिला बाहेरचं काही दिसत नाही. ऐकू येतं फक्त. तिनं काच खाली केली आणि मला जवळ बोलावलं. मला वाटलं होतं, रडेल. ती रडत नव्हती.

"भाऊ, मिठी कुनी मारली?"

"अण्णांनी."

"खरंच?"

"खरंच. तुझी शप्पथ."

"मग आबांचं गुणगान का गायलंस?"

मागून कुणीतरी गाडीवर नारळ फोडला आणि गाडी हलली. तिनं काच वर केली.

अण्णांशी मी यातलं काही बोललो नव्हतो. लग्नानंतरच्या हिवाळ्यात खळ्यावर भाताची झोडणी चालू होती. आम्ही दोघंच होतो. पेंढी उचलायची, फळीवर आपटायची, दाणे खाली, पेंढा बाजूला. अशा कामात माणसं एकमेकांकडे बघत नाहीत, म्हणून विचारता आलं.

"अण्णा, त्या दिवशी गळाभेटीला काय वाटलं?"

त्यांनी पेंढी आपटली. दुसरी आपटली.

"काय वाटायचं," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "व्याह्याचा हात हुता पाठीवर. आबांचा बी हुता. कंचा कुनाचा कळंना."

मी पुढची पेंढी उचलली.

"पर झाली ना गळाभेट," ते म्हणाले. "पोरीच्या मनात हुतं ना तसं. तिला बरं वाटलं आसंल."

ते माझ्याकडे बघत नव्हते, पण हात थांबला होता. पेंढी खांद्यावर तशीच होती. इतक्या वर्षांत अण्णांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न होता, ज्याचं उत्तर ते माझ्याकडून ऐकायला थांबले होते.

"व्हय," मी म्हटलं. "लई बरं वाटलं म्हणली."